फाइल कोण धरून बसलंय

२० नोव्हें., गुरु. अमावास्या

मिल बंद. काम घरून. दिवाळीनंतर मीच शेठना सुचवलेलं की अमावास्येला बाजार समिती बंद, हमाल नाहीत, आपली डाळ मिलही बंद, तर सर्व्हरचं महिन्याचं काम त्याच दिवशी उरकू, कुणाची बिलं अडणार नाहीत. आज पहिलीच खेप. गॅलरीत लॅपटॉप, शेजारी आई मेथी निवडतेय, समोर मेहरूणचं तळं. म्हटलं, वा वैशाली, नोकरी असावी तर अशी.

दृष्ट लागली. बिलिंगचा सर्व्हर बंद केला, अपडेट टाकले, परत चालू करायला गेले तर उठेचना. लाल अक्षरात: फाइल दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

दुसरा कोण? मोठी मशिनं दोनच, एक नंबर आणि दोन नंबर. बिलिंग, गेटपास, गोदाम, सगळे सर्व्हर या दोघांवरच चालतात, आणि त्यांच्या फाइली दोघांच्या सामाईक डिस्कच्या डब्यात. दोन्ही मशिनं बंद करून चालू केली. लॉक तसंच.

आई: काय झालं वं? तिला सांगितलं, एका फाइलवर एका वेळी एकाच मशीनचा हक्क. ज्यानं उघडली त्यानं आतून कडी लावायची, म्हणजे दुसरा घुसून गोंधळ घालणार नाही. आता आत कोण आहे तेच कळत नाही.

"मंग दार वाजवून इचार ना, कोन हाय म्हनून."

हसले, पण दार वाजवायचं कुणाचं? मग धुळ्याला फोन. सं.भाऊ शेठच्याच तिथल्या पाइपच्या डेपोत बसून आमच्या सगळ्या सर्व्हरचा बॅकअप घेतात, आणि बॅकअप अर्धवट अडकला की तोही फाइल धरून ठेवतो, हे मला त्यांनीच शिकवलेलं. ते म्हणाले, "मी हात बी लावेल नही शे. तुमनाकडेच काई तरी चालू व्हयेल शे, नीट देख."

संध्याकाळी सहज बटण दाबलं तर बिलिंग सुरळीत चालू. मी काहीच केलं नव्हतं. 'आपोआप' या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही.


२१ नोव्हें.

ऑफिसात आल्या आल्या नोंदी उपसल्या. जो लॉक लावतो त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर मागे राहतो. मिळाला. एक नंबरचा नाही. दोन नंबरचाही नाही.

म्हणजे तिसरं कुणीतरी.

सर्व्हर रूममध्ये फिरून फिरून पाहिलं. रॅकच्या तळाला जुनी मशीन आहे, पण ती दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाली. अंगावर कुंकवाचं स्वस्तिक, वर दिवाळीचं वाळलेलं झेंडूचं फूल. मेलेल्याची नाडी कशाला बघायची. बाकी एसी, यूपीएस आणि झुरळं. नाशिकच्या कंपनीचा माणूस गेल्या महिन्यात डिस्क बदलायला आला होता, त्याने काही मागे ठेवलं का? त्याला फोन केला. म्हणे मॅडम, मी फक्त डिस्क बदलली. सगळेच 'फक्त' काहीतरी करतात.

बाहेरून या डब्यापर्यंत पोचायचा रस्ता एकच, धुळ्याचा.


२४ नोव्हें.

सं.भाऊंकडे त्यांच्या मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो मागितला. कारण सांगितलं नाही. लगेच पाठवला. नंबर जुळत नाही.

खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण फोटोत नुसतं स्टिकर, मशीन कोणती ते दिसतच नाही. आणि 'कसाले पाहिजे' असं एका शब्दाने विचारलं नाही. माझ्याकडे कुणी असा फोटो मागितला असता तर मी सतरा प्रश्न विचारले असते.


२ डिसें.

सं.भाऊ रविवारी लॉगिन करतात. लागोपाठ दोन रविवार. बॅकअप शुक्रवारी असतो. रविवारी त्यांचं काय काम?

फोन हातात घेतला, ठेवला. विचारलं तर सावध होतील.

हे लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. शेठकडे माझं नाव त्यांनी सांगितलं. मी रुजू झाले तेव्हा मला रॅकचं दार कुठून उघडतं तेही माहीत नव्हतं. त्यांनी दोन महिने धुळ्याहून ये-जा करून शिकवलं, आणि कुणासमोर कधी म्हणाले नाहीत की पोरीला काही येत नव्हतं. लाज वाटली, पण लॉगिनची नोंद काही पुसली जात नाही.


७ डिसें., रवि.

रावेरला मामाच्या मळ्यात भरीत. सं.भाऊ आणि माया वहिनीपण आले होते, दरवर्षी येतात. हिरवी वांगी कपाशीच्या काट्यांवर भाजली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, केळीच्या पानावर वाढलेली कांद्याची पात. एरवी मी तीन वेळा घेते.

आज लक्ष सगळं सं.भाऊंकडे. फोन पालथा ठेवत होते. एकदा वाजला तर उठून केळीच्या बागेत जाऊन बोलले. परत आल्यावर म्हणाले, "वैशू, जेव ना. कसाना इचार करस?"

"काही नाही भाऊ, ऑफिसचं."

"मी बी तेच करी ऱ्हायनू." आणि माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं.

परतीच्या गाडीत आईचं ऐकून घेतलं. "त्या बिचाऱ्याकडे अशी काय पाहत व्हती वं, उधारीवाला असल्यासारखी?" आईचं म्हणणं, माझ्या हातून दूध उतू गेलं तरी मी गॅसवर संशय घेते. असेल. पण गॅसच्या शेगडीतही दोष असू शकतो.


१९ डिसें., शुक्र. अमावास्या

पुन्हा तेच.

यावेळी मुद्दाम सावकाश केलं. आधी बॅकअप चालू नाही ना ते पाहिलं. सं.भाऊंना मेसेज: "मी बिलिंग बंद करतेय, तुमच्याकडून काही लावू नका." उत्तर: अंगठा. सकाळी पूजाबिजा आटपून बसले, बंद केलं, अपडेट, चालू. लाल अक्षरं. नंबर तोच, मागच्या महिन्याचा.

फोन केला तर आवाज चढवला त्यांनी. "तुले सांगं ना, माना काई संबंध नही." कधी चढवत नाहीत.

दिवसभर बटण दाबून बोट दुखलं. संध्याकाळीही सुटलं नाही, शेवटी दर पाच मिनिटांनी आपलं आपण चालू होऊन बघेल असं लावून ठेवलं. उद्या पहाटे गाड्या भरायच्या आहेत, इंदूरच्या, आणि बिल झाल्याशिवाय गेटपास निघत नाही. मला धडकी भरलीय.


२० डिसें.

हा दिवस विसरणार नाही.

उजाडताच गेटवरून फोन, ट्रक उभे, पास निघत नाही, ड्रायव्हर शिव्या देतायत. मी स्कूटी काढली. निघताना सं.भाऊंना फोन केला, "मी स्वतः जातेय, रूममधली एकूण एक वायर तपासणार आहे."

ते म्हणाले, "जाय."

एमआयडीसीच्या वळणाला पोचते न पोचते तोच गेटवाल्याचा फोन. मॅडम, चालू झालं.

मी जाते म्हणाले आणि माझ्या पोचण्याआधी कडी निघाली. योगायोग म्हणायचं? कुणी म्हणावं. मी नाही म्हणणार.

रूममध्ये सगळं जिथल्या तिथे. कुलूप लावलेलं, एसी चालू, उदबत्तीचा वास. मागे बंगला आहे शेठचा, तिथून येत असेल. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. लॉकसाठी नाही. माझ्या डोक्यात ज्या माणसाचं नाव होतं त्याच्यासाठी.


२२ डिसें., सोम.

शेठनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं, म्हणजे गंभीर.

"ताई, ट्रक उभे राहिले ते सोडा. इंदूरच्या व्यापाऱ्याने मला विचारलं, शेठ तुमच्याकडे आता कोण बघतं? काय सांगू त्याला?"

मी मशीन, नंबर, लॉक असं सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "मला यंत्र नको. माणूस सांगा."

"खात्री नाही शेठ."

"खात्री मी करतो. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

वाटतं ते सांगितलं. बाहेरून रस्ता फक्त धुळ्याचा. रविवारची लॉगिनं. मी निघाले म्हटल्यावर लॉक सुटलं. चोरी म्हणाले नाही, घातपात म्हणाले नाही. 'संजूभाऊ' एवढंच म्हणाले, आणि ते पुरेसं होतं.


२४ डिसें.

त्यांचं लॉगिन माझ्याच हाताने बंद केलं. शेठनी धुळ्याला फोन करून सांगितलं, चौकशी होईपर्यंत घरी बसा. कसली चौकशी, कोण करणार, कुणालाच माहीत नाही.

मला वाटलं सं.भाऊ फोन करतील, भांडतील. मी उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती.

फोन आला नाही. बघा, खाई त्याला खवखवे, ज्याचं काही नसतं तो ओरडतो ना?

की ज्याचं काही नसतं तो गप्प बसतो?


३ जाने.

बॅकअप आता मीच बघते. दोन आठवडे सगळं गुळगुळीत. एकही लॉक नाही. शेठ जिन्यात भेटले, म्हणाले, "बघा, रोग गेला."

बरं वाटायला हवं. वाटलंही, थोडा वेळ.

माया वहिनी व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवायच्या, सगळ्यांनाच. मला येणं बंद झालंय. आईला अजून येतं. आई माझ्यासमोर फोन उघडून मोठ्याने वाचते, "सुप्रभात."


१८ जाने., रवि. अमावास्या

आधी जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझं मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी घरून बिलिंग बंद केलं. अपडेट. चालू. लाल अक्षरं. तोच नंबर.

सं.भाऊंचं लॉगिन बंद आहे. धुळ्याची लाइनच मी डब्यापासून तोडलीय. तरी पहिला विचार काय आला? त्यांनी चोरवाट ठेवलीय. इतकी मी वाईट. मग दुसरा विचार आला की वाटच नाहीये तर चोरवाट कुठली.

आणि मग, इतक्या उशिरा, साधी गोष्ट. तिन्ही वेळा अमावास्या. म्हणजे जे काही होतंय ते मिल रिकामी असताना, मिलमध्येच.

तशीच निघाले, केस विंचरले नाहीत. मिलमध्ये शुकशुकाट. ऑफिसचा जिना चढतानाच घंटी ऐकू आली. सर्व्हर रूमचं दार उघडं. आत रॅकपुढे पाट, पाटावर बाबूजी. शेठचे वडील, पंच्याऐंशीच्या पुढचे, बंगल्यातून ऑफिसकडे सहसा येतही नाहीत असं मी समजत होते. हातात निरांजन. आणि रॅकच्या तळाशी ती जुनी, मेलेली मशीन, हिरवे दिवे लुकलुकवत, पंखा घरघरवत, ठणठणीत जिवंत.

मी दारातच. आरती पूर्ण होईपर्यंत बोलायचं नसतं एवढं भान राहिलं.

मग त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली. "अरे, तू आज कशी बेटा? बंद आहे ना."

"बाबूजी, ही मशीन... कुणी चालू केली?"

"मीच करतो. ही आली ना, त्या वर्षी दुसरी मिल उभी राहिली. हिचा पायगुण आहे. दिवाळीला लक्ष्मीपूजन केलं आणि पाहिलं तर ही अंधारात, कोपऱ्यात. मनाला बरं नाही वाटलं. बटण दाबलं तर झाली चालू! तेव्हा ठरवलं, दर अमावास्येला हिचा दिवा लावायचा. तिथी संपली की बंद करतो. मागच्या वेळी तिथी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होती, तर रात्रभर ठेवली आणि सकाळी आंघोळ करून आलो, बंद केली."

सकाळी आंघोळ करून आले, बंद केली. आणि मी एमआयडीसीच्या वळणावर योगायोगाला नावं ठेवत होते.

ते गेल्यावर वाकून मागचं स्टिकर वाचलं. नंबर तोच. डिस्कच्या डब्याची वायर अजून लावलेलीच. दोन वर्षांपूर्वी ही बंद केली तेव्हा मी समजले ती सं.भाऊंनी काढली, ते समजले असतील मी काढली. ऑफिसच्या नेटवर्कची तेवढी काढलेली, म्हणून ती मला कुठेच दिसत नव्हती. चालू झाली की जुन्या सवयीने आपल्याकडचे सर्व्हर उठवायला बघते. एरवी बिलिंग एक नंबरने धरलेलं, हिला मिळत नाही, गप्प बसते. पण अमावास्येला सकाळी मी बिलिंग सोडायचे, नेमकं त्याच वेळी बाबूजी बटण दाबायचे, आणि ही झडप घालायची. मग दिवसभर आमचं बिलिंग हिच्या पोटात, कुणाला न दिसता, एकटंच चालायचं.

दिवस मीच निवडलेला, कारण त्या दिवशी कुणी नसतं. त्यांनी तोच निवडलेला, कारण ती लक्ष्मीची तिथी.

नाशिकच्या माणसावर संशय घेतला, झुरळांवर घेतला, ज्याने बोट धरून शिकवलं त्याच्यावर घेतला. काखेत कळसा म्हणतात, इथे तर कळशाला कुंकू लावून ठेवलेलं.


१९ जाने.

शेठना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले, आधी हसले, मग हसू गेलं.

"बाबूजींना यातलं काही कळू द्यायचं नाही. दिवा बंद करा म्हणालात तर ते जेवणार नाहीत."

बंद करायची गरजच नाही म्हटलं. डब्याची वायर काढली, तीच एका रिकाम्या स्विचला लावली. मशीन चालू होईल, दिवे लुकलुकतील, पोटात काही जाणार नाही. बाबूजींची लक्ष्मी खूश, माझं बिलिंगही.

"आणि संजूभाऊ?" मी विचारलं.

शेठ खिडकीबाहेर बघायला लागले. "परत बोलवू. पण फोन मी नाही करणार ताई. नाव तुम्ही सांगितलं होतं."

रास्त आहे. गुरुवारची रजा टाकली.


२२ जाने., गुरु.

धुळे. एसटीने. पारोळ्याला गाडी बराच वेळ थांबली तर उतरून परत फिरावंसं वाटलं.

देवपुरात त्यांचं घर. दार माया वहिनींनी उघडलं, पाणी दिलं, एक शब्द नाही. सं.भाऊ आतून आले. दाढी वाढलेली. मी उभ्यानेच सुरू केलं, भाऊ, माझं चुकलं, ती जुनी मशीन...

"आधी जेवी ले. मंग बोलूत."

शेवभाजी, भाकरी, ठेचा. खाली मान घालून सगळं सांगितलं. बाबूजींच्या आरतीपाशी माया वहिनींना हसू आलं, त्यांनी पदर तोंडाला लावला. सं.भाऊ हसले नाहीत.

"बठ्ठं ठीक शे वैशू. माले एकच सांग. तू माले काबर इचारं नही?"

'सावध व्हाल म्हणून' असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

मग मीही विचारलं, राहवलं नाही. रविवारी लॉगिन करून काय बघत होतात?

त्यांनी ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला. "तुलेच देखत व्हतू. पहिला डाव लॉक लागनं ना, तवा मना मनमा उनं की तूच काई तरी करी ऱ्हायनी. माले काढाकरता. तो नंबर माले बी दिसना व्हता."

मी ताट बाजूला सरकवलं.

"माले वाटनं, तूच शे. महिनाभर वाटनं. पन मी शेठले सांगं नही."

एवढंच म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही. डिसेंबरमध्ये चढवला होता त्यापेक्षा हे कितीतरी पटींनी लागलं. दोघांच्या मनात सारखंच आलं होतं, आणि त्यांनी ते आपल्याजवळ ठेवलं. मी ते केबिनमध्ये, दार लावून, शेठच्या हातात दिलं.

निघताना म्हणाले, येईन. अट एकच. लॉगिन होतं तसं पाहिजे. पूर्ण. "अर्धा भरोसा माले चालाव नही."

हो म्हटलं. स्टँडपर्यंत माया वहिनी सोडायला आल्या. गाडीत बसताना त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, "ताई, ते महिनाभर छतावर चढून बसत होते. लोकांनी विचारलं की सांगायचे, पतंग बघतो."

परतीच्या वाटेवर खिडकीकडे तोंड करून बसले, कुणाला दिसू नये म्हणून.


१ फेब्रु., रवि.

सं.भाऊ उद्यापासून रुजू. आज त्यांचं लॉगिन परत तयार करायला बसले. अधिकारांच्या पानभर चौकटी असतात. बघणे, बॅकअप घेणे, चालू करणे, बंद करणे. भराभर टिक केल्या. शेवटची राहिली, सर्व्हर कायमचा पुसण्याची.

आधी ती त्यांच्याकडे होती. होतं तसं पाहिजे म्हणाले होते. मी हो म्हटलं होतं.

माऊस तिथे नेला आणि डोक्यात आलं, तिसऱ्या मशीनचा नंबर त्यांनाही दिसत होता. महिनाभर. मला एका शब्दाने बोलले नाहीत. का? मी करतेय असं वाटलं म्हणून. बरं. पण मी करतेय असं ज्याला महिनाभर वाटू शकतं, त्याच्या मनात माझ्याबद्दल आणखी काय काय असेल? आणि आता, एवढं झाल्यावर? छतावर बसून एक महिना माणूस काय विचार करतो?

हात लावू नको म्हणून मीच मला ओरडले. आई आतून म्हणाली, "कोनाशी बोलून ऱ्हायली वं?"

सेव्ह केलं. ती एक चौकट सोडून. म्हटलं, उद्या देऊ. आठवडाभरात देऊ. कोण बघतं एवढं बारीक.

आताच मेसेज आला. उद्याची वाटसुद्धा पाहिली नाही, आजच आत जाऊन पाहिलं त्यांनी.

"वैशू, एक टिक राही गयी. इसरनी, का मुद्दाम शे?"

दोन निळ्या खुणा पडल्यात, म्हणजे मी वाचलं ते त्यांना दिसलंय. 'विसरले' असं टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं. अजून पाठवलेलं नाही.